याकेबाई

आमच्या कंपनीत नऊ इंजिनिअर होते आणि प्रोग्रॅम कसा लिहायचा हे नऊही जणांना येत होतं. तो का लिहिला हे विचारणारं माणूस मात्र एकच होतं, आणि त्या माणसाला प्रोग्रॅमची एक ओळही लिहिता येत नव्हती. त्याच माणसाला कंपनीनं काढून टाकलं. त्याला बरीच वर्षं झाली. मी दोन नोकऱ्या बदलल्या, कानापाशी केस पांढरे झाले; तरी अजून कुणी ‘डॉक्युमेंटेशनचं काय एवढं, बटण दाबलं की निघतं’ असं म्हणालं, की माझं डोकं फिरतं. तो राग सगळाच दुसऱ्यांवरचा नाही, हेही सांगून टाकतो.

महानंदा मठपती. उदगीरच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, काटक, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, हातात कापडी पिशवी. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. त्या पहिल्या दिवशी जिना चढून आल्या, तेव्हा आम्हाला वाटलं, कुणाची तरी आई डबा घेऊन आली. मालक गिरीश सरांनी ओळख करून दिली, “या आपल्या प्रोग्रॅमची पुस्तकं लिहिणार.” सरकारी कामात प्रोग्रॅमबरोबर त्याची माहिती लिहून द्यावी लागते, आणि आमच्यातल्या एकालाही चार वाक्यं सरळ लिहिता येत नव्हती. म्हणून बाई.

त्याआधी लातूरच्या एमआयडीसीत त्या पाण्याच्या मोटारींच्या कारखान्यात होत्या. मोटारीच्या खोक्यात जो कागद घालतात, तो त्या लिहायच्या. कागदावर पहिलंच वाक्य असायचं, ‘मोटार कोरडी चालवू नये.’ बाईंनी त्याखाली लिहिलं, ‘कारण आतल्या सीलला पाण्यानंच गारवा मिळतो, पाणी नसलं की सील जळतं आणि मोटार जाते.’ कारखानदार म्हणाला, एवढं कशाला छापायचं, शाई जाते. बाई त्याला म्हणाल्या, “नका करू म्हणलं की माणूस करतोच. कामून नको ते सांगितलं की न्हाई करत.” तो ऐकेना. मग जळलेल्या मोटारी दुरुस्तीला यायच्या, त्या वेळी बाई काउंटरवर उभ्या राहून प्रत्येकाला विचारायच्या, “कोरडी चालवली?” “हाव.” “कागद वाचला होता?” “हाव.” अशी तीन महिन्यांची यादी करून त्यांनी मालकाच्या टेबलावर ठेवली. पुढच्या छपाईत कारण आलं. ही गोष्ट त्या स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नसत. कारखानदाराचा राग अजून जिवंत होता म्हणून सांगत.

आमच्याकडे त्यांची पद्धत अशी. सकाळी पूजा आटोपून, भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून यायच्या. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून एकेकाच्या शेजारी बसायच्या. मांडीवर मोठं रजिस्टर. “हे काय करतंय?” आम्ही सांगायचो. “ते कळलं. कामून करतंय?” इथं आम्ही अडायचो. आधीच्यानं केलंय म्हणून, असं उत्तर दिलं की बाईंच्या तोंडून उदगीरचं कानडी बाहेर पडे, “याके?” याके म्हणजे कामून, म्हणजे का. कपाळाला आठी, आवाज मात्र खालचा. त्यावरून पोरांनी त्यांचं नाव याकेबाई पाडलं. बाईंना ते कळलं. म्हणाल्या, “नाव चांगलं हाय. पण उत्तर कोण देणार?”

उत्तर मिळेपर्यंत त्या उठत नसत. मिळालं की दोन ठिकाणी लिहीत, एकदा रजिस्टरमध्ये आणि एकदा प्रोग्रॅममध्येच, त्या त्या ओळीच्या वर. प्रोग्रॅममध्ये असा शेरा लिहिता येतो. मशीन तो सोडून देतं, वाचणाऱ्या माणसासाठी तो असतो. कसा लिहायचा ते मी त्यांना दाखवलं होतं: आधी एक तिरपी रेघ आणि एक चांदणी, मग आपलं म्हणणं, शेवटी पुन्हा चांदणी आणि रेघ. बाई मराठीत लिहायच्या. आमच्या इंग्रजी कोडमध्ये त्यांचे शेरे दिसत ते जणू कचेरीत कुणी घरचं माणूस येऊन बसलंय.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. विष्णुपुरीच्या धरणात गाळाला भेगा पडल्या होत्या, लातुरात तर नळ ही गोष्टच लोक विसरले होते. आमच्या कंपनीकडे तेव्हा टँकरचा प्रोग्रॅम होता. कोणत्या गावाला रोज किती खेपा जाणार, हे त्यातून निघायचं. गावाची लोकसंख्या, जनावरं, जवळचा पाण्याचा साठा, असं सगळं घातलं की सकाळी यादी तयार. त्या यादीवर टँकर सुटायचे.

त्या प्रोग्रॅममध्ये एक विचित्र ओळ होती. अहमदपूर तालुक्यातल्या कवठेवाडी नावाच्या गावाच्या तांड्यापुढे लोकसंख्या होती अकरा, आणि ती ओळ त्यात सहाशे चाळीस मिळवायची. सरळ, काही न सांगता. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या.

“अकरा माणसांत सहाशे चाळीस कामून?”

“ठाऊक नाही. आधीच्या मुलानं घातलंय, तो पुण्याला गेला.”

“मग तू काय समजून हे चालवून राहिलास?”

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसला आल्या नाहीत. सकाळच्या एसटीनं लोह्यावरून अहमदपूरला गेल्या, तिथून जीपनं कवठेवाडी, आणि पुढं तीन किलोमीटर पायी. तिसऱ्या दिवशी आल्या त्या तोंडावर उन्हाचे चट्टे घेऊन, आणि उत्तर घेऊन. तांडा ऊस तोडणाऱ्यांचा. जनगणना झाली तेव्हा सगळा तांडा कारखान्यावर, घरांना कुलपं. मोजणाऱ्याला म्हातारी-कोतारी अकरा माणसं सापडली, त्यानं अकरा लिहिली. उन्हाळ्यात सगळे घरी परत येतात, नेमके पाणी नसताना. पूर्वी तिथल्या लोकांनी कचेरीत खेटे घालून स्वतंत्र टँकर मिळवला, आणि आधीच्या मुलानं ती माणसं अशी एका ओळीत बसवली.

“सहाशे चाळीस म्हणजे आकडा न्हाई रे,” बाई म्हणाल्या. “माणसं हायत. मी त्यांच्या घरी च्या पिऊन आले.”

त्या ओळीवर त्यांनी शेरा लिहिला: ‘ही ओळ काढू नये. जनगणनेच्या वेळी तांडा ऊसतोडीला गेला होता म्हणून लोकसंख्या चुकीची आहे. ही ओळ काढली तर तांड्याचा टँकर बंद होईल.’ तांड्यातल्या सीताबाई राठोड नावाच्या बाईचा फोन नंबर त्यांनी रजिस्टरात उतरून घेतला आणि आपला तिला दिला.

याच सुमारास नव्या जिल्ह्याची हवा सुटली. लातूर एके काळी उस्मानाबादेतून वेगळं निघालं, आता लातुरातूनही एक जिल्हा निघणार, असं जो तो बोलत होता. मुख्यालय उदगीरला की अहमदपूरला, यावर एसटीत माणसं हमरीतुमरीवर यायची. खरं-खोटं वरच्यांना ठाऊक, पण लातूरच्या ज्या सरकारी कचेरीचं काम आम्ही करत होतो तिला तयारीची घाई झाली. टँकरच्या प्रोग्रॅमच्या दोन प्रती करायच्या, एक जुन्या जिल्ह्याची, एक नव्याची. ते काम मोठ्या शहरातल्या दुसऱ्या कंपनीला दिलं आणि आम्हाला सांगितलं, तुमच्या प्रोग्रॅमचं संपूर्ण डॉक्युमेंट आठ दिवसांत द्या.

बाई म्हणाल्या, मला दीड महिना लागेल. गिरीश सरांनी एक टूल आणलं.

कोड वाचून आपोआप डॉक्युमेंट लिहिणारं ते सॉफ्टवेअर. प्रोग्रॅमचा फोल्डर दाखवायचा, बटण दाबायचं. प्रत्येक कामाचं नाव, त्याला काय द्यावं लागतं, त्यातून काय परत येतं, कोण कोणाला बोलावतं, सगळं अनुक्रमणिकेसकट बाहेर. आम्ही सगळे खुर्च्या सोडून गिरीश सरांच्या टेबलाभोवती उभे राहिलो. चहा संपायच्या आत जाडजूड पुस्तक तयार झालं. बाईंनी ते घेतलं, पिशवीत घातलं आणि चार दिवस वाचलं. ते अख्खं वाचणारं माणूस जगात दुसरं कुणी नसावं.

पाचव्या दिवशी त्या गिरीश सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू आलं.

“हे यंत्र चांगलं हाय सर. नावांची यादी करताना माझ्या चुका व्हायच्या, यानं एक केली न्हाई. याद्या यानं कराव्यात. पण इथं बघा. कामाचं नाव ‘कॅलक्युलेट ट्रिप्स’. पुढं लिहिलंय, ‘ट्रिप्स कॅलक्युलेट करते.’ अख्खं पुस्तक असंच हाय. बापाचं नाव काय, तर पोराचा बाप. माझे शेरे कुठं गेले?”

“मॅडम, तुमचे शेरे टूलला लागत नाहीत.”

“टूलला न लागू द्या. वाचणाऱ्याला लागतात.”

“वाचणार कोण आहे?” गिरीश सर हसत म्हणाले. “कचेरीला वजन पाहिजे, वजन दिलं. तुम्ही फक्त शेवटच्या पानावर ‘तपासले’ म्हणून सही करा.”

“तपासलं म्हणून तर सही करत न्हाई.”

गिरीश सर वाईट माणूस होते असं मला आजही म्हणवत नाही. आमचे पगार वेळेवर देत, कुणाच्या घरी आजारपण आलं तर गाडी पाठवत. पण त्यांना एक कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं: डॉक्युमेंट म्हणजे कुणीतरी कुणालातरी सांगितलेली गोष्ट असते. त्यांच्या लेखी तो बांधलेला गठ्ठा होता. महिन्याच्या शेवटी बाईंना पत्र मिळालं. डॉक्युमेंटेशनचं काम आता स्वयंचलित झाल्यामुळे आपल्या सेवेची गरज उरलेली नाही. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि म्हणाल्या, “यात मात्र कारण लिहिलंय. बरं झालं.” आणि जिना उतरून गेल्या.

आता माझं. सही कुणाची तरी लागणार होतीच. सरांनी ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. बाईंचे शेरे का आले नाहीत, हे मला खुपत होतं, म्हणून मी टूलची माहिती उघडून बघितली. अर्ध्या तासात सापडलं. ते टूल शेरे वाचतं. मराठीतलेही वाचतं. फक्त शेऱ्याच्या सुरुवातीला एक नाही, दोन चांदण्या लागतात. बाईंच्या शेऱ्यांना एक होती, कारण मी त्यांना एकच शिकवली होती. प्रत्येक शेऱ्याला एक चांदणी वाढवली असती आणि पुन्हा बटण दाबलं असतं, तर बाईंचं सगळं म्हणणं त्या पुस्तकात छापून आलं असतं. एका दुपारचं काम.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “अरे, चार प्रतींचं बाइंडिंग झालंय. राहू दे आता.” मी राहू दिलं. सही केली. बाईंना फोनही केला नाही.

पुढं काय झालं ते मी तारखेनिशी सांगू शकत नाही, पण दिवस सांगू शकतो. शहरातल्या कंपनीनं प्रोग्रॅमच्या दोन प्रती करताना, कोडमधले मराठी शेरे न वाचता, साफसफाई केली. ज्या ओळीचं कारण डॉक्युमेंटात नाही ती फालतू, असा त्यांचा नियम. अकरात सहाशे चाळीस मिळवणाऱ्या ओळीचं कारण डॉक्युमेंटात नव्हतं. ओळ गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या यादीत तांड्यापुढे शून्य खेपा आल्या, कारण अकरा माणसांसाठी टँकर सुटत नाही. टँकर गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तांड्यातल्या लोकांना वाटलं, गाडी बिघडली असेल. गावात विचारलं, तर गावाचा टँकर नेमानं येत होता. पाचव्या दिवशी सीताबाईनं बाईंना फोन केला.

बाई उदगीरहून थेट तांड्यावर गेल्या. तिथं बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. सीताबाई डोक्यावर दोन घागरी घेऊन चढण चढताना गोट्यांवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. अहमदपूरला तिच्या हाताला प्लास्टर घालून, तिला घरी सोडून, बाई नांदेडला आमच्या ऑफिसात आल्या. अंगावरची साडी दोन दिवसांची होती. कुणाशी न बोलता माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

“अनंता, माझा शेरा कुठं गेला ते दाखव.”

मी दाखवलं. एक चांदणी आणि दोन चांदण्या, शेजारी शेजारी.

“एवढंच?”

“एवढंच.”

“हे तुला कधी कळलं?”

मी सांगितलं. सही करायच्या आधी. खरं तेवढं एकदाच बोललो, ऑफिसात, हळू आवाजात, दुसरं कुणी ऐकत नसताना. बाईंनी पडद्यावरच्या एका चांदणीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “यंत्राला नावं ठेवू नका रे. त्याला जेवढं वाचता येतं तेवढं त्यानं वाचलं. तुम्हाला तर सगळंच वाचता येत होतं.”

दुसऱ्या दिवसापासून त्या लातूरच्या त्या कचेरीत जाऊन बसल्या. रजिस्टर उघडून दाखवायच्या. बाबू म्हणायचा, “हे तुमचं हातचं लिहिलेलं. रेकॉर्डला पुस्तक आहे, पुस्तकात तांडा नाही.” बाई म्हणायच्या, “मग माझ्यासंगं गाडीत बसा, तांडा दाखवते.” कुणी बसलं नाही. पण त्या उठतही नव्हत्या. मोठे साहेब ज्या दारातून आत जात त्याच दाराशी बाकावर त्या बसत, आणि साहेब दिसले की उभ्या राहून एकच वाक्य म्हणत, “साहेब, आज आठवा दिवस.” मग नववा. मग दहावा. अकराव्या दिवशी साहेबांनी फोन उचलला आणि तोंडी हुकमानं टँकर सुरू झाला. प्रोग्रॅममधली ओळ परत यायला आणखी महिना गेला.

चौकशी झाली, कारण बाईंनी अर्ज दिला होता. कचेरीच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल. साहेब, गिरीश सर, शहरातल्या कंपनीचा इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस, मी आणि बाई. शहरातला माणूस म्हणाला, आम्हाला जे डॉक्युमेंट मिळालं त्याप्रमाणे केलं. गिरीश सर म्हणाले, डॉक्युमेंट यंत्रानं तयार केलंय, त्यात मानवी चूक शक्यच नाही. साहेबांनी शेवटचं पान उघडलं. “तपासले, असं इथं आहे. ही सही कुणाची?”

“माझी,” मी म्हणालो.

“त्यात मॅडमचे शेरे नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बोलू शकल्या असत्या; मीच त्यांना सांगितलं होतं. पण त्यांनी मला बोलू दिलं.

मी म्हणालो, “आठवत नाही, साहेब.”

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. थोड्या वेळानं चहा आला. चहा घेता घेता गिरीश सर बाईंकडे वळून गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, झालं ते झालं. डॉक्युमेंट त्या वेळी पूर्ण होतं, एवढं एक ओळीचं लिहून द्या. परवापासून कामावर या. पगार वाढवून देतो.”

बाईंनी चहाला हात लावला नव्हता. त्या म्हणाल्या, “पूर्ण न्हवतं, सर. आत्ता मी पूर्ण होतं म्हणून लिहिलं तर पुढच्या वेळी असा दुसरा तांडा जाईल, आणि तेव्हा सही माझी असंल.” माझ्याकडे न बघता त्या उठल्या, साहेबांना नमस्कार केला आणि बाहेर पडल्या.

अहवाल आला: तांत्रिक त्रुटी, कोणी दोषी नाही. नवा जिल्हा काही झाला नाही. ज्याच्या तयारीसाठी हे सगळं झालं, तो आजही हवेतच आहे. आमच्या कंपनीला पुढच्या वर्षी आणखी मोठं काम मिळालं आणि सरांनी त्या टूलची नवी आवृत्ती घेतली. सीताबाईचा हात वाकडाच जुळला, असं मी ऐकलं. तिला भेटायला गेलो नाही. मठपती बाईंनाही पुन्हा कधी भेटलो नाही. उदगीरला दोनदा कामानिमित्त गेलो, पत्ता ठाऊक होता, त्या गल्लीपर्यंत गेलो आणि परत फिरलो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या चौकशीच्या दिवशीच, वरच्या मजल्याच्या खिडकीतून. आत सगळे चहा पीत होते. खाली भर उन्हात बाई पदर डोक्यावर ओढून स्टँडच्या दिशेनं चालल्या होत्या. तेवढ्यात रस्त्यानं एक टँकर आला. मागची तोटी नीट बंद नव्हती, पाण्याची बारीक धार रस्त्यावर पडत होती. लोक बघत होते आणि बाजूला होत होते. बाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. टँकर थांबला. ड्रायव्हर काहीतरी ओरडला, मग खाली उतरला. बाई काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. तो मागं गेला, तोटी आवळली. धार थांबली, थेंब थांबेनात. बाईंनी पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, झटकलं, आणि स्वतःच्या हातानं तोटीभोवती घट्ट गुंडाळून गाठ मारली. क्षणभर हात खाली धरून थेंब पडतो का ते पाहिलं. मग बाजूला झाल्या.

गिरीश सर आतून म्हणाले, “अनंता, चहा गार होतोय.” मी खिडकीतून हललो नाही. रस्त्यावरची ओली रेघ माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली, आणि बाई गर्दीत दिसेनाशा झाल्या.